नॅस्डॅक इथून घ्यायचा की तिथून? विसरवाडीहून आलेल्या व्हॉइस नोटचं उत्तर

(भागात जे बोललो तेच खाली दिलंय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही, हे नेहमीप्रमाणे आधीच सांगतो.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवर आहे. मागे बसचा हॉर्न, कुणीतरी "सुरत, सुरत" ओरडतंय आणि मधे हा पोरगा बोलतोय.

"दादा, मी विसरवाडीचा. सुरतला मशीन ऑपरेटर आहे. दोन वर्षांत साठ हजार साठलेत, महिन्याला पाचेक हजार बाजूला पडतात. मला अमेरिकेतल्या टेक कंपन्यांचा ईटीएफ घ्यायचाय. गावाकडचा मित्र म्हणतो, आपल्याच ॲपवर मिळतो, घेऊन टाक. रूमवरचा म्हणतो, इथला महाग पडतो, डायरेक्ट डॉलरमध्ये घे. कोणाचं ऐकू? आणि हां, त्यातले पंचवीस हजार बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे आहेत, पण ते पुढच्या जूनला लागतील. तोवर फिरवले तर चालतील ना?"

भाऊ, तू शेवटी जे घाईघाईत बोललास ना, तेच या नोटमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्यावर येतोच. आधी रूमवरच्या दोस्ताचं बघू, कारण तो अर्धा बरोबर आहे.

दुकान इथलं, माल तिथला

विसरवाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुळे-सुरत हायवेवरचं गाव, नवापूर तालुका, जिल्हा नंदुरबार. पुढे नवापूर लागतं, आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकड्यावर मधोमध हद्दीची खूण आहे. लोक मुद्दाम बसून फोटो काढतात, एक जण या राज्यात, दुसरा त्या.

भारतात मिळणारा नॅस्डॅकचा ईटीएफ हा असाच बाकडा समजा. त्याची खरेदी-विक्री इथे, एनएसईवर, रुपयात, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. पण त्याच्या पोटातले शेअर अमेरिकेतले. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, ॲमेझॉन, गुगलवाली अल्फाबेट. नॅस्डॅक-१०० म्हणजे नॅस्डॅक बाजारात नोंद असलेल्या, बँका आणि वित्त कंपन्या सोडून, सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्या. १९८५ पासून हा निर्देशांक आहे. सगळ्याच टेक नाहीत बरं का, त्यात पेप्सीसुद्धा आहे. आपल्याकडे यावरचा पहिला ईटीएफ मोतीलाल ओसवालने मार्च २०११ मध्ये आणला. नंतर मिरे ॲसेटने फँग प्लस नावाच्या, फक्त १० कंपन्यांच्या निर्देशांकावर एक आणला.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "डॉलर वाढला की फायदा फक्त डॉलरमध्ये घेणाऱ्याला" असं बरेच जण म्हणतात. चूक. पोटातला माल डॉलरचा आहे, म्हणून इथल्या ईटीएफची किंमतही डॉलरबरोबर हलते. २०११ च्या मार्चमध्ये डॉलर साधारण ४५ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. म्हणजे त्या काळात अमेरिकेतले शेअर जागचे हलले नसते, तरी रुपयात पैसे दुप्पट दिसले असते. आणि तुम्ही इथून घेतला काय किंवा तिथून घेतला काय, हे दोघांनाही मिळालं. उद्या रुपया सावरला तर फटकाही दोघांना सारखाच.

मग महाग कसा पडतो?

आता दोस्ताचा मुद्दा. नीट ऐका, कारण यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय.

ईटीएफच्या एका युनिटमागे जेवढ्या किमतीचे शेअर आहेत, त्याला म्हणायचं एनएव्ही. दिवसभर त्याचा चालू अंदाज फंड कंपनीच्या वेबसाइटवर दिसतो, तो आय-एनएव्ही. आणि तुमच्या ॲपवर जी किंमत दिसते ती बाजारभाव. हे दोन आकडे वेगळे असतात! ॲप बहुतेक वेळा दुसराच दाखवतं, पहिला शोधावा लागतो.

एरवी दोन्ही जवळजवळ सारखे राहतात. का? समजा मागणी वाढली, भाव वर गेला, तर मोठे व्यापारी फंडाकडे पैसे देऊन नवे युनिट बनवून घेतात आणि बाजारात विकतात. भाव खाली येतो. गाडीला गर्दी झाली की जादा डबा जोडायचा, तसं.

पण परदेशी ईटीएफना डबा जोडायला बंदी आली तर? नेमकं तेच झालं. सगळ्या भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसा न्यायचा याला मर्यादा आहे. ७ अब्ज डॉलर, शिवाय परदेशातल्या ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या योजनांसाठी वेगळे १ अब्ज. २०२२ च्या सुरुवातीला सात अब्जांची मर्यादा भरत आली आणि फंडांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. त्या जूनमध्ये थोडी ढील मिळाली, म्हणजे कुणी बाहेर पडलं तर तेवढी जागा वापरा. एप्रिल २०२४ पासून एक अब्जाच्या खात्यातही नवे पैसे घेणं थांबलं.

परिणाम काय? युनिट तेवढेच, घेणारे वाढले. मग सुट्टीत सुरतच्या बसचं तिकीट जसं ब्लॅकने जातं, तसे हे ईटीएफ आपल्या खऱ्या किमतीपेक्षा दहा-दहा टक्के, कधी त्याहून जास्त दराने विकले जाऊ लागले. या फरकाला प्रीमियम म्हणतात.

हिशेब करून बघू. आय-एनएव्ही २०० रुपये. बाजारभाव २३०. म्हणजे १५ टक्के प्रीमियम. तू २३० ला घेतलास. वर्षभरात निर्देशांक १० टक्के वाढला, छान, आय-एनएव्ही झाली २२०. पण दरम्यान मर्यादा सैल झाली किंवा लोकांचा उत्साह ओसरला आणि प्रीमियम २ टक्क्यांवर आला. बाजारभाव किती? २२४ रुपये ४० पैसे. नॅस्डॅक १० टक्के वर, आणि तू अडीच टक्के तोट्यात. डॉलर मी इथे स्थिर धरलाय.

माझं असंच झालं होतं. चौदा टक्के जास्त देऊन घेतला, पुढचे काही महिने बातम्यांत रोज "नॅस्डॅक उच्चांकी", आणि माझ्या ॲपवर आकडा हलायला तयार नाही. मला वाटलं ॲप बिघडलंय. ॲप चांगलं होतं, मीच आय-एनएव्ही बघितली नव्हती. ज्याने मला विकला तो मात्र हसत गेला असणार. तुमच्याकडे आधीपासून असेल आणि विकायचाच असेल, तर हाच प्रीमियम तुमच्या खिशात येतो, हेही खरं.

एक बारकावा. आपला बाजार चालू असतो तेव्हा अमेरिका झोपलेली असते. तिथला बाजार आपल्याकडे संध्याकाळी सातला उघडतो, हिवाळ्यात आठला. त्यामुळे आय-एनएव्ही म्हणजे काल रात्रीचा बंद भाव. आज रात्री काय होईल याचा अंदाज धरून भाव एखाद टक्का इकडे-तिकडे असला तर तो प्रीमियम समजून घाबरू नका. बाजारभावातून आय-एनएव्ही वजा करा, उरेल त्याला आय-एनएव्हीने भागा, शंभरने गुणा. दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर मी चालवून घेईन. सात-आठ असेल तर हात लावणार नाही. आणि ऑर्डर टाकताना मार्केट ऑर्डर नको, लिमिट टाका. नाहीतर रिकाम्या दुपारी कुणीतरी भलत्याच भावाने गळ्यात मारतो.

यातून एक तिसरी वाट आहे जी दोन्ही दोस्त विसरले. नॅस्डॅक-१०० चे इंडेक्स फंड. ते शेअर बाजारात नाही, थेट फंडाकडून एनएव्हीवरच मिळतात, प्रीमियमचा प्रश्न नाही. अडचण एवढीच की मर्यादेमुळे त्यांचं दार कधी उघडं, कधी बंद, कधी महिन्याला ठरावीक रकमेपुरतंच उघडं. उघडं असेल तेव्हा छोट्या रकमेसाठी मला हेच बरं वाटतं.

डायरेक्ट डॉलर

आता रूमवरच्याचा मार्ग. हा कायदेशीर आहे, चोरीचा मामला नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्यातून क्यूक्यूक्यू घ्या, १९९९ पासूनचा जगातला गाजलेला नॅस्डॅक ईटीएफ. एक युनिट पाचशे डॉलरच्या वर, पण ॲपवर तुकडाही घेता येतो. त्याचाच धाकटा भाऊ क्यूक्यूक्यूएम, वर्षाचा खर्च ०.१५ टक्के. आपल्याकडच्या ईटीएफचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. वर प्रीमियम नाही, कारण तिथे डबे जोडायला बंदी नाही. कागदावर तर हाच जिंकला.

पण पाठवणीचा खर्च? बँक पैसे पाठवायची फी घेते, रुपयाचा डॉलर करताना भावात थोडं कापते, त्यावर जीएसटी. समजा एका वेळी सगळं मिळून हजार रुपये गेले. पाच लाख पाठवणाऱ्याला ते ०.२ टक्के. पाच हजार पाठवणाऱ्याला २० टक्के! तुरीचं एक पोतं नेण्यासाठी अख्खा टेम्पो केल्यासारखं आहे. काही ॲपवर हा खर्च कमी असतो, पण "झिरो ब्रोकरेज" वाचून थांबू नका, रुपया ते डॉलर ते परत रुपया, या पूर्ण फेरीत किती गळती होते ते विचारा.

वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलं की त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. टीसीएस म्हणजे कर, टाटांची कंपनी नव्हे, त्यांचं पुढे येईल. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. तुला-मला याची चिंता नाही.

चिंता आहे ती रिटर्नची. परदेशात एक डॉलरचीही मालमत्ता असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, आयकर रिटर्न भरणं बंधनकारक होतं. तेही साध्या आयटीआर-१ मध्ये नाही. शेड्यूल एफए नावाचा तक्ता भरायचा, त्यात हिशेब आपल्या आर्थिक वर्षाचा नाही तर जानेवारी ते डिसेंबरचा. लपवलं तर काळ्या पैशाचा २०१५ चा कायदा लागतो, त्यात दंड दहा लाखांचा. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला, घर-जमीन सोडून, त्या दंडातून सूट दिली, पण माहिती भरायची जबाबदारी सुटलेली नाही. शिवाय तिथला लाभांश हातात यायच्या आधीच अमेरिका २५ टक्के कापते. तो इथल्या करातून वजा मागता येतो, वेगळा फॉर्म भरून. सीए या सगळ्याचे जे पैसे घेईल, ते तुझ्या पहिल्या वर्षाच्या नफ्याइतके सहज होतील.

आणखी एक गोष्ट, मोठी रक्कम असणाऱ्यांसाठी. अमेरिकेत नोंदलेली गुंतवणूक ६० हजार डॉलरच्या वर असताना माणूस गेला, तर तिथला वारसा कर लागू शकतो, ४० टक्क्यांपर्यंत. आपला त्यांच्याशी या करापुरता करार नाही. पुण्यात-बंगळुरात कंपनीचे शेअर मिळालेली आयटीतली मंडळी ऐकत असतील तर हे घरी सांगून ठेवा. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ लोक याच कारणाने शोधतात.

नफ्यावरचा इथला कर थोडक्यात. डायरेक्ट परदेशी ईटीएफ चोवीस महिन्यांनंतर विकला तर १२.५ टक्के, आधी विकला तर तुमच्या स्लॅबने. भारतात लिस्ट असलेला परदेशी ईटीएफ, तेच, पण बारा महिन्यांनंतर. निफ्टी आयटीसारखा देशी शेअरचा ईटीएफ असेल तर बारा महिन्यांनंतर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, वर १२.५ टक्के. आधी विकला तर २० टक्के.

मग आपलीच आयटी का नको?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. निफ्टी आयटीवर ईटीएफ आहेत, निप्पॉनचा आयटीबीज लोकांना माहीत आहे. प्रीमियम नाही, खर्च पाव टक्क्याच्या आसपास, करही हलका. सगळं सोपं. पण ही त्याच मालाची स्वस्त प्रत नाही. नॅस्डॅकमधल्या कंपन्या चिप, फोन, सर्च, जाहिरात, दुकान स्वतः बनवतात आणि विकतात. आपल्या आयटी कंपन्या मुख्यतः दुसऱ्यांची कामं करून देतात आणि ते दुसरे बहुतेक अमेरिका-युरोपातले. अमेरिकन कंपनीने एआयवर खर्च वाढवला की एनव्हिडियाची चांदी, आणि त्याच एआयमुळे बाहेर द्यायचं काम घटेल म्हणून आपल्या आयटीचे शेअर खाली. २०२५ मध्ये दोघांच्या दिशा अशाच उलट होत्या, नॅस्डॅक वर, निफ्टी आयटी खाली. आणि २०२२ मध्ये दोघं हातात हात घालून पडले, तो साधारण एक तृतीयांश, हा साधारण एक चतुर्थांश. म्हणजे एकाने दुसऱ्याला सांभाळलं असंही म्हणता येत नाही. शिवाय निफ्टी आयटीत कंपन्या फक्त दहा, त्यात टीसीएस आणि इन्फोसिस मिळून निम्म्याच्या आसपास वजन.

तरी खान्देशात आयटीचा शेअर म्हटलं की अमळनेर आठवतंच. माझं आजोळ तिकडचं. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो. गावातल्या लोकांनी शेअर घेतले, आणि ज्यांनी तीन-चार दशकं पेटीत ठेवून दिले ते कोट्यधीश झाले. नवापूरहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. काय ऐकायला मिळत नाही, तर मधेच विकलेल्यांची गोष्ट. ट्रॅक्टरसाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी विकलेल्यांची. आमच्या घरातही एक मामा आहे, तो या विषयावर उठून बाहेर जातो. आणि त्या माणसांनी काही "आयटी" घेतली नव्हती, त्यांनी समोर दिसणारा तुपाचा कारखाना घेतला होता. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचा अझीम शिकायचं सोडून परत आला, ऐंशीच्या दशकात कंपनी कॉम्प्युटरकडे वळली, हे कुणाला आधी माहीत होतं? इंडेक्स घेण्याचं कारण हेच, कोणता कारखाना विप्रो होईल ते ओळखावं लागत नाही.

पण इंडेक्स म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ या काळात नॅस्डॅक-१०० सुमारे ८३ टक्के पडला. शंभराचे सतरा. पुन्हा त्या उंचीवर यायला साधारण पंधरा वर्षं लागली.

विसरवाडी-नवापूर पट्ट्यात हे वेगळ्या भाषेत माहीत आहे. फेब्रुवारी २००६, देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात. तोवर पोल्ट्री म्हणजे हमखास धंदा. ज्याच्याकडे शेड होती त्याच्याकडे बाकी काही असायची गरजच नाही, अशी हवा. आठवड्याभरात लाखो कोंबड्या मारून पुरल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. धंदा संपला नाही, नवापूरची पोल्ट्री आजही आहे. पण ज्याच्या बांधावर तूर होती तो एक आणि ज्याने शेडसाठी व्याजाने पैसे काढले होते तो दुसरा, या दोघांचं ते वर्ष सारखं गेलं नाही.

तर भाऊ, तुझं

बहिणीच्या फीचे पंचवीस हजार यात नाहीत. इथल्या ईटीएफमध्ये नाही, तिथल्या नाही, निफ्टी आयटीतही नाही. जूनला कॉलेज म्हणणार नाही की सध्या नॅस्डॅक पडलाय, तुम्ही ऑगस्टला भरा. बँकेत एफडी कर, जूनच्या आधी मोडेल अशी. व्याज कमी मिळेल, मिळू दे.

उरले पस्तीस. तुझी नोकरी परगावची. काम सुटलं तर रूमचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे, तीन महिने कसे निघतील ते आधी मोज. मला वाटतं पस्तीसमधले बहुतेक तिथेच संपतील. ते बचत खात्यात पडून राहिले तरी वाया गेले असं समजू नको.

मग राहतात महिन्याचे पाच हजार. यात डायरेक्ट डॉलरचा विचार सोड. रूमवरचा प्रीमियमबद्दल बरोबर आहे, पण त्याचं औषध तुझ्या रकमेला परवडत नाही. पाचातले तीन-साडेतीन हजार साध्या निफ्टी ५० च्या फंडात जाऊ देत, त्यात आयटी आपोआप थोडी येतेच. उरलेल्यातून नॅस्डॅक. इंडेक्स फंडाचं दार उघडं असेल तर तिथे एसआयपी. बंद असेल तर ईटीएफचा प्रीमियम बघ, तीनच्या आत असेल तर घे, नसेल तर ते पैसे त्या महिन्यात निफ्टीत टाक आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघ. आधी निफ्टी आयटीची भर घालू नको, दोन्हीकडे शेवटी अमेरिकेच्याच खर्चावर पोट आहे.

आणि हे पैसे दहा वर्षं लागणार नाहीत याची खात्री कर. ज्या दिवशी वर्षाला आठ-दहा लाख बाजूला पडायला लागतील, त्या दिवशी परत व्हॉइस नोट पाठव, तेव्हा एलआरएसवर वेगळं बोलू.

उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक काम कर. ॲपवर नॅस्डॅकच्या ईटीएफचा भाव बघ, त्याच मिनिटाला फंडाच्या वेबसाइटवर आय-एनएव्ही बघ, दोन्हींचे स्क्रीनशॉट मला पाठव. घेऊ नकोस, फक्त पाठव. बाकी मंडळींनीही पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला किती टक्के निघाले ते वाचून दाखवतो.